ओझरचं मिग-२१ घरी बांधतेय: रंग, कॅनपी आणि पावसाळा यांबद्दल मदत हवी

द्राक्षबाग | १२ जुलै
माझे वडील, अण्णा, १९७६ ते २००३ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते. सुरुवातीला मिग-२१ च्या जोडणीवर आणि पुढे ओव्हरहॉलला. लहानपणी आम्ही गच्चीत वाळवणं राखत बसायचो. टेस्टिंगला निघालेलं विमान डोक्यावरून गेलं की पापडांखालचं प्लास्टिक थरथरायचं.

२०२५ मध्ये २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ चा निरोपाचा कार्यक्रम झाला. १९६३ पासून हवाई दलात असलेलं विमान. आम्ही दोघांनी तो टीव्हीवर पाहिला. अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर उठले आणि अंगणातल्या झाडांना पाणी घालत राहिले, पाऊस नुकताच पडून गेला होता तरी. त्याच आठवड्यात मी एडुआर्ड कंपनीचं, मिग-२१ बिस या प्रकाराचं १/४८ किट मागवलं.

मी या छंदात नवीन आहे, म्हणून आधी सरावाला एक १/७२ हॉकर हंटर बांधलं. त्यात दोन गोष्टी बिघडल्या. सुपरग्लूने चिकटवलेली कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, आतून धुरकट झाली. आणि शेवटी मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला तर सगळ्या विमानावर तांदळाची पिठी भुरभुरल्यासारखी पांढुरकी छटा आली. मिगच्या बाबतीत असं होऊन चालणार नाही.

तिसरी अडचण रंगाची. कॉकपिटचा आतला रंग माहितीपत्रकात एक दिलाय, नेटवरच्या फोटोंत कुठे निळा दिसतो तर कुठे हिरवा. खरा कोणता?

तिरकीट | १२ जुलै
दादा, स्वागत! वॉर्निशचं कारण सरळ आहे: तुम्ही ते जुलैत मारलंत. स्प्रेमधलं द्रावण झपाट्याने उडतं, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं. पांढरं दिसतंय ते तेच. हंटर टाकून देऊ नका. कोरडा दिवस बघून वरून ग्लॉस वॉर्निशचा पातळ हात द्या, बरीचशी पांढुरकी छटा जाईल. ते नीट वाळलं की पुन्हा मॅट.

द्राक्षबाग | १२ जुलै
धन्यवाद! दादा नाही, ताई :) ग्लॉसचा उपाय करून बघते.

तिरकीट | १२ जुलै
माफ करा ताई. तुमच्या पापडांखाली थरथरणारं प्लास्टिक वाचून माझी आजी आठवली आणि पुढचं भराभर लिहिलं.

कोकणी_खेकडा | १२ जुलै
मी रत्नागिरीत राहतो. आमच्याकडे या दिवसांत भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा ओलं लागतं, त्यामुळे माझं वर्षाचं वेळापत्रक शेतकऱ्यासारखंच ठरलेलं आहे. मृग लागला की स्प्रे कपाटात. जून ते सप्टेंबर फक्त कापणं, चिकटवणं, घासणं, फिलर भरणं. रंगकाम दसऱ्यानंतर. पावसाळ्यात चार मॉडेलांचे सांगाडे तयार होतात आणि दिवाळीत एका दमात प्रायमर लागतो. कॉम्प्रेसर असेल तर नळीवर पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, नाहीतर ऐन पंखावर थेंब पडतो.

तुमच्या बिसला आता प्रायमरसुद्धा लावू नका. कॉकपिटचे बारके भाग ब्रशने ॲक्रिलिकने रंगवता येतात, तेवढं करा.

पाचोळा | १३ जुलै
कॅनपीबद्दल लिहितो. सुपरग्लूची वाफ बंद जागेत कोंडते आणि पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते. पॉलिस्टायरिनच्या पातळ सिमेंटने वेगळंच होतं: ते प्लास्टिक विरघळवून वेल्डिंगसारखा जोड करतं, त्यामुळे पंख आणि धडासाठी उत्तम, पण काचेवर एक थेंब ओघळला की कायमचा व्रण. काचेला साधा पांढरा फेव्हिकॉल लावा. वाळला की पारदर्शक होतो, चुकलं तर ओल्या फडक्याने पुसता येतो, आणि एवढ्याशा काचेचं वजन तो आरामात पेलतो.

चौकटी रंगवताना मास्किंग टेप नव्या कोऱ्या पात्याने काचेवरच कापावी लागते. हात हलका ठेवा. पात्याच्या वजनानेच टेप कापली गेली पाहिजे, दाब द्यायचा नाही.

भातुकली | १३ जुलै
वाचतेय. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, दिवसभर विमानांची चित्रं काढतो. त्याला यातलं काय देता येईल? १/७२, १/४८ म्हणजे काय तेही कुणीतरी सोपं करून सांगा.

पाचोळा | १३ जुलै
१/७२ म्हणजे खऱ्या विमानाचा बहात्तरावा भाग. सहा फूट उंच माणूस या मापात बरोबर एक इंच होतो. मिग-२१ चा पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये जेमतेम १० सेंटीमीटर आणि १/४८ मध्ये जवळपास १५. मुलासाठी १/७२ चं, कमी भागांचं, चाकं मिटलेलं विमान घ्या. एअरफिक्सच्या स्टार्टर संचात रंग, ब्रश आणि गोंद सोबतच येतो. पहिल्या वेळी पातं तुम्ही चालवा, गोंद त्याला लावू दे. आणि जोडणीआधी त्याला सगळे भाग नुसतेच, गोंदाशिवाय, एकमेकांना लावून बघायची सवय लावा. ही एक सवय लागली की पुढची निम्मी भांडणं मिटतात.

तिरकीट | १३ जुलै
बारका भाग कापताना तो स्प्रूसकट, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत जोडलेले येतात तिच्यासकट, पारदर्शक पिशवीत धरून कापा. उडाला तरी पिशवीतच राहतो. आणि फरशीवर पडलाच तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर नायलॉनचा मोजा ताणून बांधा आणि फिरवा. मी पिटो ट्यूब, दोन चाकं आणि बायकोच्या कानातल्याची फिरकी असं सगळं एकाच संध्याकाळी मिळवलं होतं. फिरकी मिळाल्यामुळे पुढच्या किटला घरातून मंजुरी मिळाली.

जुनापुराणा | १४ जुलै
धागाकर्तीताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे सगळ्यांनी पाठ फिरवली म्हणून लिहितो. मी पंचेचाळीस वर्षं मॉडेलं बांधतोय, बहुतेक सगळी भारतीय हवाई दलाची.

सोव्हिएत लढाऊ विमानांच्या कॉकपिटचा तो निळा-हिरवा रंग प्रसिद्ध आहे. तयार बाटल्या मिळतात, पण दोन कंपन्यांच्या बाटल्या एकमेकींशी जुळत नाहीत. मी स्वतः एक ठरलेलं मिश्रण वापरतो, व्यक्तिगत निरोपातून कळवेन. चाकांच्या हबचा हिरवा मात्र वेगळा असतो, जास्त ठसठशीत. तो कॉकपिटच्या रंगात रंगवू नका, ही चूक प्रदर्शनांत फार दिसते.

बाहेरच्या रंगांबद्दल एक कळकळीची विनंती. खोक्यावरचं चित्र बघून रंग देऊ नका, एका विशिष्ट विमानाचा विशिष्ट काळातला फोटो शोधा. आपल्याकडे १९७१ च्या युद्धाआधी चंदेरी मिग-२१ वर घाईघाईने हिरवे फराटे मारले गेले, आणि नक्षी जागोजागी निराळी. एका विमानाचा फोटो बघून दुसरं रंगवलं की ते विमान खोटं होतं.

पाचोळा | १४ जुलै
काका, माहितीबद्दल आदर आहे, पण ‘खोटं’ हा शब्द जड वाटला. नवीन माणूस पहिलंच मिग बांधतोय. आधी फोटो शोध म्हटलं तर किट माळ्यावर जाईल आणि तिथेच राहील. मला तसे तिघे माहीत आहेत.

जुनापुराणा | १४ जुलै
शब्द जड आहे, आणि तो मी विचार करून वापरलाय. का ते सांगतो.

माझ्या कपाटात पहिल्या फळीवर एक नॅट आहे, हवाई दलाचं ते छोटं लढाऊ विमान, १/७२. पंखविस्तार साडेनऊ सेंटीमीटरच्या आत, तळहातावर मावतं. १९८० च्या दशकात मला एअरफिक्सचं नॅट मिळालं, पण ते प्रशिक्षणाचं, दोन आसनांचं. आपलं एक आसनाचं, पंखही लहान. मी ते मधून कापलं, पुढचा भाग फिलरने नव्याने घडवला, पंख घासून कमी केले. कॅनपीसाठी लाकडाचा साचा कोरला आणि मेणबत्तीवर मऊ केलेली प्लास्टिकची पट्टी त्यावर ओढली. अकरावी कॅनपी जमली. सात महिने लागले.

हे एवढ्यासाठी केलं की १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानी सेबर विमानं आली तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों हल्ला चालू असताना नॅट घेऊन वर गेले ते एका आसनाच्या नॅटमधून. त्यांच्या विमानात मागे दुसरी खुर्ची नव्हती. हवाई दलातलं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे. मी त्यांच्या नावाने दोन आसनांचं विमान कपाटात ठेवू शकत नव्हतो. आज स्पेशल हॉबीचं एक आसनाचं नॅट सरळ विकत मिळतं, नव्या मुलांना कापाकापी करावी लागत नाही याचा मला आनंदच आहे.

पाचोळा | १४ जुलै
काका, नमस्कार. माझा शब्द मागे घेतो. त्या नॅटचा फोटो टाकाल का?

भातुकली | १४ जुलै
हे लेकाला वाचून दाखवलं. आता त्याला नॅटच हवंय.

कोकणी_खेकडा | १५ जुलै
अकरा कॅनप्या! काका, साष्टांग.

मळभ | १६ जुलै
मला या छंदाचं कौतुक आहे, पण एक शंका. एवढे कष्ट घ्यायचेच तर उडणारी विमानं का नाही करत? आम्ही एनसीसीत बाल्साची केली होती. उडतं ते विमान, कपाटात बसतं ते शोपीस.

तिरकीट | १६ जुलै
दोन्हींचा नाद वेगळा आहे. उडणाऱ्या मॉडेलला हवेचे नियम पाळावे लागतात, म्हणून पंख जाड होतो, वजन जपावं लागतं, रिव्हेट सोडून द्यावे लागतात. आमच्याकडे उलटं. आम्ही सोडत काहीच नाही.

मी गेल्या वर्षी १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं स्पिटफायर केलं. रॉयल एअर फोर्समध्ये तिचं अधिकृत नाव ‘सिटी ऑफ बॉम्बे’ स्क्वाड्रन होतं. गिरगावात वाढलेल्या मला हे चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. बाजूवर एफएफ ही अक्षरं आहेत. एका डिकॅलपायी, म्हणजे विमानावर चिकटवायच्या अक्षरांपायी, मी नॉर्मंडीच्या धावपट्ट्यांचे नकाशे वाचत बसलो. बाल्साचं ग्लायडर उडवलं असतं तर मजा आलीच असती, पण हे कळलं नसतं.

मळभ | १६ जुलै
हे पटलं. कुठे बघायला मिळेल?

तिरकीट | १६ जुलै
माझ्या घरी. चहाला या. खरं मोठं विमान बघायचं तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत आहे. दुसऱ्या महायुद्धातलं फोक-वुल्फ १९० ज्यांनी काढलं त्या कुर्ट टँकनी बंगळुरूला येऊन आपलं एचएफ-२४ मारुत काढलं, १९६१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. शाळेच्या सहलीत मी त्याच्या पोटाखाली उभा राहिलो होतो आणि बाई हाक मारून दमल्या होत्या.

चहाबाज | १९ जुलै
उशिरा आलो, क्षमस्व. मी जपानमध्ये शिझुओकाजवळ राहतो. हिरव्या चहासाठी लोकांना हे गाव माहीत असतं, पण मॉडेल किट बनवणारी तामिया इथलीच, हासेगावाही इथलीच. तामियाची सुरुवात १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीतून झाली. आधी लाकडी मॉडेलं, मग प्लास्टिक. लाकडावर बसलेला हात साच्यांवर आला, हे त्यांच्या भागांची जुळणी बघितली की समजतं. गोंदाशिवाय दोन तुकडे जवळ नेले की ‘टक्’ असा आवाज येतो.

गावात मॉडेलांच्या चौकटीत जोडल्यासारखी दिसणारी पोस्टाची पेटी आहे, स्प्रूसकट! दर मे महिन्यात इथे हॉबी शो भरतो. मी गेलो तेव्हा मला एक सत्तरीचे आजोबा भेटले. त्यांच्या टेबलावर फक्त एकच मॉडेल, पण त्याच्या तळाला एक छोटा आरसा ठेवलेला. मी वाकून बघितलं तर चाकांच्या खोबणीतल्या तारा, नळ्या, सगळं रंगवलेलं. कुणी वाकलं नाही तर हे कधी दिसणारच नव्हतं. मी वाकलो म्हणून ते इतके खूश झाले की त्यांनी मला स्वतःच्या डब्यातला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, दिला.

पाचोळा | १९ जुलै
आरशाची कल्पना उचलली!

सुतळी | २१ जुलै
अवांतर: हवेच्या दाबाने रंग फवारणारा एअरब्रश घ्यावाच का? मी दोन मॉडेलं ब्रशने केली, रेघा दिसतात. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर मिळून बराच खर्च आहे.

जुनापुराणा | २१ जुलै
माझा नॅट ब्रशने रंगवलाय. रंग पातळ करा, तीन-चार हात द्या, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. रेघा रंगामुळे येत नाहीत, घाईमुळे येतात.

तिरकीट | २१ जुलै
काकांशी इथे असहमत. उघड्या धातूचा चंदेरी रंग किंवा कडा विरलेला कॅमोफ्लाज ब्रशने होत नाही, कितीही संयम ठेवा. रंग दुधाइतका पातळ, दाब १५ ते २० पीएसआय, हात सतत फिरता. आणि खोलीची खिडकी उघडी, तोंडावर नुसता कापडी मास्क नाही तर फिल्टरचा. हे शेवटचं टाळू नका, फुप्फुसांचा प्रश्न आहे.

जुनापुराणा | २२ जुलै
मास्कबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्या तरुणपणी आम्ही बंद खोलीत इनॅमल मारायचो. आज त्याची किंमत मोजतोय. सुतळी, आधी मास्क घ्या, मग काय ते ठरवा.

द्राक्षबाग | ९ ऑगस्ट
सगळ्यांचे आभार. हंटर ग्लॉसने पुष्कळ सुधारलं. काका, तुमचं मिश्रण मिळालं, पण मध्ये एक घडलं ते सांगते.

मी अण्णांना काही सांगितलं नव्हतं, पूर्ण झाल्यावर दाखवायचं होतं. परवा रात्री जेवणाच्या टेबलावर डब्याच्या झाकणात रंग कालवत बसले होते आणि अण्णा पाणी प्यायला उठले. मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “मोरपंखी करतेस ना? मग निळा फार झाला.”

मी गप्पच झाले. त्यांनी खुर्ची ओढली. हिरव्याचा एक थेंब घालायला लावला, मग अर्धा. मग म्हणाले, “दिव्याखाली काही कळणार नाही. सकाळी उजेडात बघू.” सकाळी सहा वाजता मला हाक मारून उठवलं. झाकण घेऊन अंगणात उभे होते. रात्री हिरवा वाटलेला रंग उजेडात पुन्हा निळसर दिसत होता. अजून एक थेंब हिरवा आणि टाचणीच्या टोकावर येईल एवढा पांढरा. “हं. हे नवीन विमानाचं. ओव्हरहॉलला यायचं त्याचं असं नसतं. पाय ठेवायच्या जागी रंग घासून खालचा पत्रा दिसायचा, आणि खुर्चीच्या बाजूला हातमोज्याचा काळपटपणा.”

मग मी विचारलं, आपलं कोणतं करू, नवीन की ओव्हरहॉलचं? म्हणाले, “नवीन. ते आम्ही केलेलं.”

जुनापुराणा | ९ ऑगस्ट
माझं मिश्रण बाजूला ठेवा. अण्णांचं प्रमाण इथे लिहा, मी माझ्या पुढच्या मिगला तेच वापरेन. आणि ते बोलतायत तोवर वही-पेन जवळ असू द्या. ही माहिती छापलेली नाही.

कोकणी_खेकडा | १० ऑगस्ट
टाचणीच्या टोकावरचा पांढरा! प्रमाण लिहाच.

द्राक्षबाग | १० ऑगस्ट
निळा ४ थेंब, हिरवा साडेपाच, पांढरा टाचणीचा. अर्धा थेंब टूथपिकने.

सुतळी | २ सप्टेंबर
मास्क घेतला. माझं कॅनबेरा मात्र शेपटीवर बसलं. तीन चाकांवर उभं राहायला तयार नाही, नाक वर करून आकाशाकडे बघतंय.

पाचोळा | २ सप्टेंबर
नाकात वजन भरायचं राहिलं. पुढे चाक असलेल्या विमानांत धड बंद करायच्या आधी कॉकपिटच्या पुढे शिसं कोंबायचं असतं. मासेमारीच्या गळाचे शिशाचे मणी बाजारात मिळतात. आता नाकावर तळाला बारीक भोक पाडून मणी आत सोडा, वरून फेव्हिकॉल, भोक फिलरने बंद. शिसं हाताळल्यावर हात धुवा. धड बंद करण्याआधी विमान टेपने जोडून चाकांच्या जागी बोटांवर तोलून बघायचं, म्हणजे किती लागेल ते कळतं.

भातुकली | १८ ऑक्टोबर
लेकाचं पहिलं विमान झालं! एका पंखावर त्याच्या अंगठ्याचा ठसा रंगात कायमचा उमटलाय. घासू का?

जुनापुराणा | १८ ऑक्टोबर
अजिबात नको.

द्राक्षबाग | २२ नोव्हेंबर
झालं. दसऱ्यानंतर प्रायमर, मग बाहेरचा राखाडी, ग्लॉस, डिकॅल (केशरी बाहेर, हिरवा मध्ये, एक चक्र फाटलं, पाण्यात पुन्हा जुळवलं), मॅट. पांढरी पिठी कुठेही नाही. कॅनपी फेव्हिकॉलने, आरपार स्वच्छ.

चहाबाज, तुमच्या आजोबांचा आरसा मी खाली ठेवला होता. अण्णांनी त्यात बघितलंच नाही. त्यांनी विमान सरळ उचललं आणि उलटं केलं. वरचा राखाडी, डिकॅल, ज्यावर माझे तीन आठवडे गेले, त्याकडे नजरसुद्धा नाही. चष्मा कपाळावर चढवून पोट बघत राहिले. मी किटमध्ये दिल्याप्रमाणे पोटाखालचे पुढचे दोन्ही एअरब्रेक (हवेत वेग कमी करणाऱ्या झडपा) उघडे लावलेत, आतलं काम दिसावं म्हणून.

त्यांनी नखाने त्यातला एक हलकेच दाबून बघितला. म्हणाले, “उभ्या विमानाचा हा बंद असतो.”

मला वाटलं चुकलं. म्हटलं, काढून बंद करून लावते.

“राहू दे,” म्हणाले. “उघडा आहे म्हणजे खाली कुणीतरी काम करतंय.”

जुनापुराणा | २२ नोव्हेंबर
ताई, फोटो टाका. पोटाचा आधी.